येतो म्हणून

कडी वाजली.

अगदी एवढीशीच. दाराची जुनी लोखंडी कडी वाऱ्यानं एकदा हलली आणि फळीवर टेकली, बस. मे महिन्याची दुपार, बाहेर त्रेचाळीसचं ऊन, लाइट गेलेली, पंखा थांबलेला, सगळी गल्ली दारं ओढून पडलेली. एवढ्या शांततेतही तो आवाज मला जेमतेम ऐकू आला. पण चटईवर गाढ झोपलेली सृष्टी ताडकन उठून बसली. डोळे धड उघडले नव्हते. तशीच धडपडत दारापाशी गेली आणि वाकून चपला बघितल्या. पप्पांच्या चपला जागेवर होत्या. मग परत आली, माझ्या मांडीवर डोकं टेकलं आणि पुन्हा झोपली.

हे वर्षभर असंच चाललं होतं. सृष्टी माझी लेक, पाच वर्षांची. तिचे पप्पा, म्हणजे आमोस, मोबाइलच्या टॉवरवर चढून अँटेना बसवायचं काम करतात. मागच्या वर्षी ठेकेदारानं त्यांना चार महिन्यांसाठी ओडिशाला नेलं होतं. निघताना ते सृष्टी झोपेपर्यंत थांबले आणि मग पाऊल न वाजवता गेले. सासूबाईंनीच तसं सुचवलं होतं. लेकराचं रडणं कानात घेऊन माणसानं उंचावर चढू नये, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि तेव्हा आम्हालाही ते पटलं होतं. सकाळी उठून सृष्टीनं पप्पांना शोधलं. मोरीत, पाण्याच्या टाकीमागं, कपाटाच्या आडसुद्धा. रडली नाही. तेच मला जास्त लागलं. त्या दिवसापासून झोप म्हणजे तिच्या लेखी पप्पा हरवायची जागा झाली.

आणि आता ते पुन्हा जाणार होते. या खेपेला आसामात, दहा महिने. बुधवारी रात्री ती झोपली की निघायचं, ठेकेदाराच्या गोदामात पडायचं आणि गुरुवारी तिथूनच बाकीच्या माणसांबरोबर स्टेशन गाठायचं, असा बेत ठरला होता. मीही हो म्हटलं होतं. कडी वाजली तो सोमवार होता, आणि लेकीचं डोकं मांडीवर घेऊन मी हिशेब लावत होते की उद्याची गोष्ट मुलांना कशी सांगायची.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लहान मुलांची शास्त्रशाळा भरते, बायबलातल्या गोष्टींची. बालवर्ग माझ्याकडे असतो. त्या आठवड्यात गुरुवारी स्वर्गारोहणाचा सण येत होता, ख्रिस्त मेलेल्यांतून उठला त्यानंतरचा चाळिसावा दिवस, म्हणून मंगळवारचा पाठ त्याचाच होता. घरात सगळे झोपले की मी वही काढायची. तेवढाच वेळ माझा असतो.

मंगळवारी सकाळी देवळामागच्या खोलीत बारा मुलं समोर बसली. सृष्टीही त्यांच्यात, खिडकीपाशी. गोष्ट चांगली रंगली. येशू कबरेतून उठला, चाळीस दिवस आपल्या माणसांना भेटत राहिला, त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला, मग एके दिवशी त्यांना गावाबाहेर डोंगराकडे घेऊन गेला. दोन्ही हात उचलून त्यांना आशीर्वाद देऊ लागला. मीही हात उचलले आणि म्हटलं, "आणि मग येशू वर गेला."

 पुढच्या ओळीत दोन वेण्यांची, दोन दात पडलेली एक मुलगी बसली होती. तिचा चेहराच उतरला.

"टीचर," ती म्हणाली, "परत मेला?"

मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. चूक तिची नव्हती. आपल्याकडे माणूस वर गेला म्हटल्यावर दुसरं कोण काय समजणार? आणि मला तर हे कळायला हवं होतं, कारण आमच्या घरात या शब्दावर बंदी आहे. दोन वर्षांपूर्वी आमोस फोन घरी विसरून कामावर गेले होते. होटगीहून त्यांच्या आत्याचा फोन आला. तो सृष्टीनं उचलला आणि शहाण्यासारखं सांगितलं की पप्पा वर गेले. तासाभरात आत्या रिक्षातून दारात, सोबत रडायला आणलेल्या शेजारच्या दोन बाया. आमोस तेवढ्यात घरी येऊन ओट्यावर चहा पीत बसलेले. आत्यानं आधी त्यांना पोटाशी धरलं आणि मग पाठीत असा धपाटा घातला की कपातला चहा शर्टावर आला. तेव्हापासून सासूबाईंचा हुकूम आहे, कामावर गेला म्हणायचं.

मुलांना मी कसंबसं समजावलं. मेला नाही, जिवंतच गेला, त्याच्या पित्याकडे गेला. वेण्यावालीनं थोडा विचार केला आणि विचारलं की मग गेला कशाला, आत्ताच तर परत आला होता. तेवढ्यात घंटा झाली म्हणून मी सुटले.

वर्ग पांगल्यावर मी आमच्या पाळकसाहेबांना गाठलं. साठीचे गृहस्थ, उपदेशापेक्षा खुर्च्या रचण्यात जास्त रमणारे. खुर्च्या रचता रचताच त्यांनी माझं ऐकून घेतलं. ते म्हणाले, शास्त्रात नुसतं गेला असं म्हणून भागवलेलं नाही, वर घेतला गेला असं आहे. ज्यानं पाठवला त्यानंच आपल्याजवळ घेतला. आणि वर म्हणजे काही ढगांच्या पलीकडचा माळा नव्हे. देवाच्या उजवीकडे बसला म्हणजे देवाचा अधिकार त्याच्या हाती आला. पृथ्वीवर चालत होता तेव्हा एका वेळी एकाच गावात असायचा. एका गावात हात ठेवून बरं करत असला की दुसऱ्या गावातल्या दुखणाइतानं वाट बघायची. आता तशी वाट कुणालाच बघावी लागत नाही, सोलापुरातसुद्धा नाही. वेण्यावालीला सांगा, म्हणाले, सगळ्यांजवळ असावं म्हणून गेला.

मी निघाले तर त्यांनी मला थांबवलं. हातातली खुर्ची खाली ठेवली.

"आणखी एक," ते म्हणाले. "तो हातांच्या जखमा घेऊन गेला, बाई. आईच्या पोटातून आलेलं, भूक लागणारं, खिळ्यांनी फाटलेलं माणसाचं शरीर आज देवाच्या शेजारी आहे. तीस वर्षं मी यावर बोलतोय. अजून माझ्या डोक्यात ते पुरतं मावत नाही."

घरी आल्यावर भाजी चिरतानासुद्धा मला ते हात दिसत राहिले. भोकं पडलेले, उचललेले. दुपारी पुन्हा शास्त्र उघडून बसले. ती गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, पण एक गोष्ट मी कधी नीट वाचलीच नव्हती. आशीर्वाद देऊन झाला आणि मग तो गेला असं तिथं नाही. देत असतानाच तो त्यांच्यापासून वेगळा झाला. आणि त्याच्या पुढं तर असं की शिष्य मोठ्या आनंदानं शहरात परत आले. इथं मी अडले. आनंदानं? जिवाचा माणूस डोळ्यांदेखत गेला आणि हे आनंदानं परतले? मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि प्रत्येक वेळी माझं मन बुधवारच्या रात्रीपाशी येऊन थांबलं.

तेवढ्यात खोबरेल तेलाचा वास आला. मला वाटलं सासूबाई केसांना तेल लावताहेत. बघते तर त्या दारापाशी उकिडव्या बसलेल्या, हातात तेलाची बाटली आणि कापसाचा बोळा. कडीच्या सांध्यात तेल सोडत होत्या. मी बघतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी झोपलेल्या सृष्टीकडे मान केली.

"उद्या वाजाय नको," त्या हळूच म्हणाल्या.

बुधवारी सकाळी आमोसचं इथलं शेवटचं काम होतं. वळसंगच्या पुढं एका शेतातल्या टॉवरवर, दोनएक तासांचं. सृष्टी पहाटेपासून त्यांचा शर्ट धरून होती. शेवटी ते म्हणाले, चला दोघी, बघा तरी मी काय करतो ते. कामाच्या जागी त्यांनी आम्हाला आजवर कधी नेलं नव्हतं. ऊन चढायच्या आत मोटरसायकलवरून आम्ही तिघं पोचलो.

टॉवर नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात एकटाच उभा होता. जमिनीचे मालक दोघं भाऊ, गुरप्पा आणि रेवणप्पा, लिंबाच्या झाडाखाली बसलेले. दोघंही सत्तरीच्या पुढचे. पांढरं धोतर, पांढरी बंडी, पांढरी टोपी. आमोसनी अंगावर पट्टे चढवले, हूक ओढून बघितले, शिडीला हात घातला आणि मागं वळून सृष्टीला म्हणाले, "येतो गं."

तिनं मोठ्या बाईसारखी मान हलवली. सासूबाईंनी तिला घोटून शिकवलंय, घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. बालवाडीला जातानाही ती उंबऱ्यावर थांबून येते म्हणते.

ते चढू लागले. मी त्यांना हजारदा कामावर पाठवलं होतं, पण चढताना बघितलं नव्हतं. आधी बूट दिसायचे, मग नुसती आकृती, मग बोटाएवढा माणूस. माझ्या नवऱ्याचं घोरणं, त्यांच्या शर्टाची निघालेली बटणं, मिठावरून कुरकुरणं हे सगळं मला पाठ होतं, आणि तोच माणूस आता आभाळाच्या पोटात शिरल्यासारखा दिसत होता. आभाळात एक ढग नव्हता. नुसती पांढरट निळाई, बघून डोळ्यांत पाणी यावं अशी. टोकाला पोचल्यावर ते पट्ट्यावर भार टाकून मागं रेलले आणि त्यांनी दोन्ही हात सोडले.  दोन्ही हात त्यांनी डोक्याच्या वर उचलले, पंजे पसरून, आमच्याकडे करून. सृष्टीनंही खालून दोन्ही हात उचलले. मग ते अँटेनाच्या पत्र्याआड गेले आणि दिसेनासे झाले.

आम्ही दोघी तशाच उभ्या. मान दुखायला लागली तरी माझी नजर खाली येईना. कधी ते दोघं म्हातारे येऊन शेजारी उभे राहिले, कळलं नाही.

"वर काय बगत हुभ्या राहिलाव, बाई?" गुरप्पा म्हणाले. "यील की त्यो. जसा गेला तसाच यील."

 मी वळून बघितलं. पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं. शास्त्रात अगदी असंच आहे. प्रभू दिसेनासा झाल्यावर शिष्य आभाळाकडे बघत उभे राहिले, तर पांढरी वस्त्रं घातलेले दोन पुरुष शेजारी येऊन त्यांना म्हणाले की बघत काय उभे आहात, जसा गेला तसाच येईल. कालच मी ते वाचलं होतं, भराभर, नजर पुढं सरकवत. या दोघांना त्यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. रेवणप्पा तर सृष्टीला ताक हवं का विचारत होते. तरी मला त्या काळ्या रानात पायातल्या चपला काढून उभं राहावंसं वाटलं. दोन हजार वर्षांपूर्वीची ती ओळ कुणीतरी माझ्यासाठी वळसंगच्या बोलीत पुन्हा म्हटली होती, आणि म्हणणाऱ्याच्या दाढीला तंबाखूची थुंकी लागलेली होती.

पण खरी गोष्ट पुढंच होती. आम्ही लिंबाखाली बसलो. सृष्टी ताक प्यायली, मातीत रेघोट्या ओढल्या, आणि थोड्या वेळानं माझ्या पदरावर आडवी होऊन झोपली. बांधावरून ट्रॅक्टर गेला, धडधडत, अगदी जवळून. ती हलली नाही. म्हाताऱ्यांचं कुत्रं भुंकलं. ती हलली नाही. घरात कडी हलली तरी उठून बसणारी माझी लेक, बाप आभाळात असताना, उघड्या रानात तोंड उघडं टाकून झोपली होती.

मी तिच्याकडे किती वेळ बघत राहिले कोण जाणे. तिला भीती नव्हती, कारण तिनं त्यांना जाताना बघितलं होतं. ते कुठं आहेत हे तिला ठाऊक होतं. येतो म्हणून गेलेत हे ठाऊक होतं. मग ते दिसोत न दिसोत.

तिथंच मला ती अडलेली ओळ उलगडली. कबरेतून उठल्यावर बंद दारांतून आत येणारा येशू, त्याला गुपचूप जाता आलं नसतं का? शिष्य झोपेत असताना गेला असता. झोपण्यात तर ते पटाईत होते, त्याला पकडून नेलं त्या रात्री बागेत त्यानं तीनदा येऊन बघितलं तरी झोपलेले. पण त्यानं त्यांना जागं ठेवलं, बरोबर नेलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर गेला. हरवला असता तर ते जन्मभर कपाटाआड शोधत राहिले असते. त्यानं त्यांना शोधायचं काही ठेवलंच नाही. आपल्याकडे निघणारा माणूस येतो म्हणून निघतो, लहानपणापासून आपण ते म्हणतो, आणि मला वाटायचं अपशकुन होऊ नये म्हणून म्हणतात. त्या झाडाखाली पहिल्यांदा मला वाटलं की एवढ्याशा शब्दात सगळं स्वर्गारोहण बसलंय.

आमोस उतरून आले तेव्हा मी त्यांना तिथंच सांगितलं की आज रात्री जायचं नाही. उद्या उजेडी, तिच्यासमोर. त्यांनी हेल्मेट काढून घाम पुसला, झोपलेल्या लेकीकडे बघितलं आणि म्हणाले की आईला तू सांग.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. ऐकून त्यांचा हात थांबला नाही, पण थापण्याचा आवाज वाढला. त्यांचं म्हणणं त्यांनी मांडलं. त्यांनी वीस वर्षं दवाखान्यात आया म्हणून रात्रपाळी केली होती, घरात फक्त लहान आमोस आणि माझे आजारी सासरे. कामाच्या रात्री त्याला झोपवून त्या निघायच्या. लेकराला कधी रडू दिलं नाही, वाढलंच ना चांगलं? आता तुमच्या पिढीला रडवून जायची हौस आलीय. मी उगाच शास्त्रातलं डोकं लेकरावर चालवू नये, असंही त्या म्हणाल्या.

 आमोस उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या सोडवत होते. मान वर न करता ते म्हणाले, "आई, मी जागा असायचो."

थापणं थांबलं.

"तू कडीला खोबरेल लावायचीस," ते म्हणाले. "दुपारी तो वास आला की मला कळायचं, आज हिची पाळी हाय. मग मी डोळे मिटून पडायचो. तू गेलीस की दाराकडं बगत बसायचो. तुला वाईट वाटू नये म्हणून कदी बोललो न्हाय."

तवा तापून धुरकटला तरी कुणी उठेना. सासूबाई हाताला लागलेलं पीठ एका बोटानं दुसऱ्या बोटावरून काढत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, दर वेळी? आमोसनी मान हलवली.  उठून त्यांनी चुलीजवळचं फडकं घेतलं, दारापाशी गेल्या आणि कडीच्या सांध्यातलं तेल पुसायला लागल्या. सांधा कोरडा झाला तरी पुसत होत्या. शेवटी त्यांनी कडी हातात धरून एकदा वाजवून बघितली. खणखणीत वाजली.

सृष्टीला त्या रात्री आम्ही जेवता जेवता सगळं सांगितलं. पप्पा उद्या सकाळी जाणार, तुझ्यासमोर जाणार, दहा महिन्यांनी येणार. ती रडली. पहिल्यांदाच रडली, मागच्या वर्षीचंही धरून रडली असावी. मग त्यांच्या पोटावर पाय टाकून झोपली.

गुरुवारी आठच्या सुमाराला ठेकेदाराची पिकअप गल्लीच्या तोंडाशी आली. मागं दोरखंडांची वेटोळी, लोखंडी पेट्या आणि चार माणसं. पाइपलाइनसाठी महिनाभर खणून ठेवलेला रस्ता, त्यामुळं गाडी आत येईना. आमोसनी पिशवी उचलली, उंबऱ्यावर आले आणि चुकून म्हणाले, "जातो, आई."

"येतो म्हण," सासूबाई म्हणाल्या.

"येतो," ते म्हणाले. मग सृष्टीपुढं गुडघ्यावर बसले. दोरानं सोललेल्या, बोल्टांनी चिमटलेल्या त्या हातांत तिचा चेहरा धरला. तिला म्हणाले, "सृष्टी, मी येतो."

तिनं हुंदका गिळत मान हलवली. निघताना त्यांनी मुद्दाम कडी वाजवली.

आम्ही तिघी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. ते पिकअपमध्ये मागं चढून उभे राहिले. गाडी हलली. थोडं अंतर ते दांडीला धरून होते. मग त्यांनी हात सोडले. गाडी खड्ड्यांतून उसळत होती, शेजारची माणसं ओरडली, पण टॉवरवरचा माणूस तो, पाय रोवून उभा. दोन्ही हात डोक्यावर, पंजे आमच्याकडे. सृष्टीनंही हात वर केले, रडत रडतच. मी बघितलं, माझ्याही नकळत माझे हात वर गेले होते, आणि सासूबाईंचे सुद्धा. गल्लीतली माणसं बघत होती. वळणाआधी गाडीनं सोडलेला पांढरा धुरळा उठला, त्यात आधी माणसं बुडाली, मग आमोस, आणि सगळ्यात शेवटी ते हात. धुरळा बसला तेव्हा रस्ता रिकामा होता. पण ते हात खाली आलेले आम्ही कुणी पाहिले नाहीत.

आम्ही उभ्याच. मग सासूबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या की चला, आज पाण्याचा दिवस हाय, नळ येऊन जाईल. पाचव्या दिवशी येणारं पाणी कुणासाठी थांबत नाही. आम्ही घरी आलो, पिंपं भरली, कळशा भरल्या, सृष्टीनं तिचा डबा भरून तुळतुळीत पुसला. मग सणाची उपासना झाली. पाळकसाहेबांनी आशीर्वादासाठी हात उचलले तेव्हा मी डोळे मिटायला विसरले.

मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. दहा महिने म्हणजे दहा महिने. पण घरात काही हरवलं नव्हतं. सासूबाईंनी भाकरीबरोबर शेंगाचटणी वाढली आणि मागच्या वर्षी आमोस गेले त्या आठवड्यात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता, ते आम्हा दोघींना एकदमच आठवलं.

दुपारी लाइट गेली. गल्ली झोपली. मी वही काढली. चटईवर सृष्टी पडली होती, तिच्या शेजारी सासूबाई, तिच्या पायावर हात टाकून. वारा सुटला आणि कडी वाजली, आता कोरडी, चांगली ठणकन.

सृष्टीनं डोळे उघडले.  तिनं दाराकडे बघितलं. चपलांच्या जागेकडे बघितलं, ती रिकामी होती. ती उठली नाही. उताणी होऊन तिनं दोन्ही हात छताकडे उचलले, पंजे पसरले आणि ते तसेच धरून स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. थोड्या वेळानं हात थरथरायला लागले.

"मम्मी, पप्पांचे हात दुखले असतील ना?" तिनं विचारलं. "त्यांनी आता खाली घेतले असतील?"

मी म्हटलं, घेतले असतील, बाळा, गाडीत बसायचं असतं, डबा खायचा असतो.

तिला ते पटलं. तिनं आपले हात पोटावर ठेवले. डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मी लिहायला लागले, तेवढ्यात डोळे मिटूनच ती म्हणाली,

"मग येशूनं कधी घेतले खाली?"